पाऊण एकर

काउंटरवरचा डोयल भाव सांगताना
वर बघत नाही.
युरियाचं पोतं, क्लोव्हरची पिशवी,
पौंडावर मिळणारं सलगमचं बी,
प्रत्येक आकड्याआधी चष्मा पुसतो,
जणू दोष काचेचाच आहे.

आर्लन एकदा पोत्याकडे बघतो, एकदा माझ्याकडे.
हे शेत आमच्या पोटासाठी नाही.
ओढ्यापलीकडे, ओकच्या रानाला खेटून
पाऊण एकराचा तुकडा आहे, हरणांसाठी.
ज्याला नोव्हेंबरात बंदुकीच्या टप्प्यात घ्यायचं
त्यालाच एप्रिलपासून जेवू घालायचं.
लग्नाला एकतीस वर्षं झाली,
हा व्यवहार मला अजून
कुणाला धड समजावता आलेला नाही.
बहीण म्हणते, बोकड पोसतात तसंच की.
तसंच नाही.
बोकडाला दावं असतं.

"दोन पोती," आर्लन म्हणतो.
मग, "एक."
मग हात खिशातच ठेवून
भिंतीवरच्या मक्याच्या चित्राकडे बघत राहतो.
आम्ही नुसतं क्लोव्हर घेऊन निघालो, तेही अर्ध्या मापानं.

घरी मातीचा अहवाल आला होता.
माती आंबट.
इतकी वर्षं आम्ही खत ओतलं
आणि ती तोंड मिटून बसलेली,
हट्टी पोरासारखी.
आर्लननं तो कागद तीनदा वाचला,
चौथ्यांदा मोठ्यानं, कुत्र्याला.
चुना खतापेक्षा स्वस्त निघाला.
एवढंच शिकायला सतरा वर्षं लागली,
हे मी बोलले नाही.
चेहऱ्यावर दिसलं असेल.

मार्चमध्ये, पहाटे, जमीन गोठलेली असताना
तो बी फेकायला निघतो.
रात्री गोठायचं, दुपारी सुटायचं,
त्या भेगांत बी आपसूक आत ओढलं जातं,
ना नांगर, ना डिझेल.
मूठभर बी लांबवर पुरावं म्हणून
त्यात मांजराची वाळू मिसळली आहे,
न वापरलेली, हे तो सगळ्यांना सांगतो.
गळ्यातल्या यंत्राचा दांडा करकरतो.
अर्ध्या तुकड्यावर पिशवी रिकामी झाली.
त्यानं ती उलटी करून झटकली,
खिसे उलटावेत तशी,
आणि उरलेला तुकडा
तसाच सोडून आला.

खताची सोय मी केली.
ईनोस बॉर्नट्रेगरकडे गाडी नाही, धर्मात बसत नाही,
आणि सॅव्हिलाला मोतीबिंदू.
व्हिरोक्वाच्या दवाखान्यात चार फेऱ्या
बरोबर कोंबड्यांच्या खताची एक गाडी.
लिहून काही ठेवलं नाही.
सॅव्हिला वाटेत फारसं बोलत नसे,
शेवटच्या फेरीत मात्र म्हणाली,
"तुझ्या कपाळावर एवढ्या रेषा आहेत होय!"
मी म्हटलं, खताचे भाव.
ती इतकी हसली
की टोपीची नाडी सुटली.

जुलैत, सलगम पेरायच्या आधी,
आर्लननं मला मचाणाखाली नेलं,
ओठांवर बोट ठेवून.
क्लोव्हर घोट्याएवढं, पांढरं फुललेलं.
त्यात कुणी नव्हतं.
मादी आणि तिची दोन ठिपकेदार पाडसं
न पेरलेल्या अर्ध्यात उभी होती,
जिथे फक्त तण माजलं होतं,
ज्याच्या फुलोऱ्यानं मला ऑगस्टभर शिंका येतात,
आणि ती शेंडे खुडत होती,
सावकाश,
निवडून निवडून.

आर्लन काही बोलला नाही.
परतताना ओढ्यात बूट धुतले,
जरा जास्तच वेळ धुतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पायरीजवळ
माझे होस्टा देठापर्यंत उडालेले.
एकोणीस डॉलरचं एक रोप, अशी सहा.
मातीत खुरांचे ठसे, एक मोठे, दोन लहान.
मी चहाचा कप हातात धरून उभी.
तो वाकला, एक देठ उपटला,
मुळं निरखली, माती बोटांत चुरली
आणि अगदी गंभीरपणे विचारलं,
"याला तू काय घालतेस?"